मालवणच्या खडपांत

मालवणच्या जेट्टीवरून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे निघालेली होडी सरळ जात नाही. किल्ला समोर असतो, तटाचा दगडन् दगड दिसत असतो, तरी होडीवाला आधी एका अंगाला जातो, मग वळण घेतो, मधेच इंजिन मंद करतो. होडीत बसलेल्या पाहुण्याला या वळणांचं कारण कळत नाही. नीट निरखलं तर वारा नसतानाही कुठे पाणी फेसाळतं, कुठे हिरवट पाण्यात काळसर डाग उमटलेला दिसतो. त्या जागी खाली खडप असतं. भरतीला ते पूर्ण झाकलं जातं, ओहोटीला जेमतेम डोकं वर काढतं. मालवणच्या किनाऱ्यालगत अशी खडपं सगळीकडे विखुरलेली आहेत आणि त्यांच्यामधल्या वाटा इथल्या मच्छीमारांना पाठ आहेत. कोकणचा किनारा गाडीने उतरत आलेला प्रवासी इथे थांबतो तो स्कूबासाठी, किल्ल्यासाठी आणि देवबागच्या पाण्यावरच्या खेळांसाठी. यातल्या बहुतेक गोष्टींचं मूळ या खडपांत आहे. किल्ला त्यांच्या भरवशावर उभा राहिला, मासे आणि प्रवाळ त्यांच्या आधाराने टिकले, आणि आज शहरातली माणसं पाण्याखाली जातात ती तेच पाहायला.

मालवणला यायचं तर मुंबई–गोवा महामार्गावर कसालला उजवीकडे वळलं की काम भागतं. पण हाताशी चार दिवस असतील तर सागरी महामार्गाने यावं. रायगडातल्या रेवसपासून सिंधुदुर्गातल्या रेडीपर्यंत किनारा धरून जाणाऱ्या या रस्त्याची कल्पना बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना, १९८०च्या दशकाच्या आरंभी पुढे आली. इतक्या वर्षांनंतरही तो सलग झालेला नाही. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड या खाड्या प्रवासी गाडीसकट फेरीबोटीत चढूनच ओलांडत आले आहेत. रत्नागिरीच्या दक्षिणेला रस्त्याचा स्वभावच पालटतो. जांभ्याचा उघडा सडा, मग एकदम उतार, खाली खाडी आणि माडांची दाटी, पूल ओलांडला की पुन्हा चढ आणि पुन्हा सडा. विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, आचरा असं करत मालवण येतं. घाईने काढायचा हा रस्ताच नव्हे.

या भागाची जमीन समजून घेतली तर पाण्याखाली काय दिसणार आहे याचा अंदाज येतो. सह्याद्रीचा काळा बसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर साचून तयार झाला. रायगड-रत्नागिरीत किनाऱ्यावरही तोच खडक भेटतो. सिंधुदुर्गात दक्षिणेकडे येता येता मात्र हे थर पातळ होत संपतात आणि त्यांच्या खाली दडलेले, शंभर कोटी वर्षांहूनही जुने, गारेसारखे कठीण खडक वर दिसू लागतात. जमिनीवर त्यांच्या डोक्यावर जांभ्याची टोपी असते. किनाऱ्यावर लाटांनी मऊ भाग खाऊन टाकला आणि कठीण तेवढा मागे उरला. त्यातला उंच भाग बेट झाला, बुटका भाग खडप झाला. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन काळात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळजवळ १२० मीटर खाली होती. तेव्हा किनारा खूप दूर पश्चिमेला होता आणि आज ज्यांच्यावरून मासे फिरतात त्या खडपांभोवती कोरडी जमीन होती.

शिवाजी महाराजांनी कुरटे बेटाची निवड केली ती १६६४ मध्ये. जंजिऱ्याचा सिद्दी हाती लागत नव्हता आणि दर्यावर आपलं असं भक्कम ठाणं हवं होतं. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा करून काम सुरू झालं आणि १६६७ मध्ये किल्ला उभा राहिला. हिरोजी इंदुलकरांचं नाव या बांधकामाशी जोडलेलं आहे. सुमारे ४८ एकरांच्या बेटाभोवती तीनेक किलोमीटरचा नागमोडी तट फिरतो आणि त्याच्या पायात शिसं ओतल्याचं सांगतात. महादरवाजा शहराच्या बाजूला असूनही दोन बुरुजांच्या बेचक्यात असा लपवला आहे की जवळ गेल्याशिवाय तो दिसत नाही. आणि जवळ जाणं हीच तर अडचण. मोठ्या तोफा वाहणाऱ्या परक्या जहाजाचा तळ खोल असतो आणि किल्ल्याभोवतीच्या उथळ, खडपाळ पाण्यात असं जहाज शिरलं की फुटण्याचा धोका. मराठ्यांची गलबतं आणि गुराबा उथळ तळाच्या होत्या आणि त्यांच्या तांडेलांना वाटा ठाऊक होत्या. पाण्याखालचे खडक हा या किल्ल्याचा न बांधलेला तट होता.

अर्थात खडपं कुठलाही किल्ला अजिंक्य करत नाहीत. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला, त्याला फोर्ट ऑगस्टस असं नाव दिलं आणि पुढच्या वर्षी तो करवीरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपतींना परत केला. १८१२च्या तहाने तो पुन्हा इंग्रजांकडे गेला, तो कायमचाच. आज किल्ल्यात राजाराम महाराजांच्या काळातलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे, महाराजांच्या हाताचा आणि पायाचा म्हणून जपलेला ठसा आहे, आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. भोवती खारा समुद्र आणि आत गोड पाणी, याचं सगळ्यांना नवल वाटतं. बेटावर पडणारा धोधो पाऊस जमिनीत आणि खडकाच्या भेगांत मुरतो. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असल्यामुळे ते खाली झिरपलेल्या समुद्राच्या पाण्यावर तरंगत राहतं. उपसा बेताचा असला तर हा साठा उन्हाळा काढतो, वारेमाप उपसलं तर खालचं खारं पाणी वर चढतं. ज्यांनी या विहिरींच्या जागा हेरल्या त्यांना हा हिशेब अनुभवाने माहीत असणार.

आता पाण्याखाली जाऊ. प्रवाळ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर अंदमान-लक्षद्वीप येतं. तसा रंगांचा उत्सव मालवणला नाही आणि जाहिरातीत तसा दाखवला तर ती फसवणूक आहे. प्रवाळाला उबदार, स्वच्छ, उथळ आणि प्रकाश पोचेल असं पाणी लागतं. शिवाय त्याच्या पिल्लाला चिकटून बसायला पक्की जागा लागते. वाळूवर ते रुजत नाही. कोकणाच्या बहुतेक किनाऱ्याला पाण्याखाली वाळू आणि गाळ आहे. त्यात दरवर्षी चार महिने नद्या लाल माती आणि गोडं पाणी समुद्रात ओततात. अशा ठिकाणी प्रवाळ जगणं अवघडच. मालवणला खडपं असल्यामुळे पाय रोवायला जागा मिळाली आणि गाळ सहन करू शकणाऱ्या, दगडाच्या गोळ्यासारख्या दिसणाऱ्या चिवट जाती तिथे टिकल्या. त्यांतल्या काहींची वाढ वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर. म्हणजे कलिंगडाएवढा गोळा दिसला तर तो बहुधा कित्येक वर्षांपासून वाढत आलेला असतो.

हे प्रवाळ म्हणजे प्राणी. टाचणीच्या डोक्यापासून नखाएवढ्या मापाचे हजारो जीव एकत्र राहतात, स्वतःभोवती चुन्याचं घर बांधतात आणि आपल्या अंगात सूक्ष्म शैवाल वागवतात. शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एक-दोन अंशांनी जास्त तापून तसंच काही आठवडे राहिलं तर हा संसार मोडतो, शैवाल बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरंफटक होतं. मालवणची वसाहत उथळ पाण्यात असल्याने तिला ही झळ लवकर लागते.

खडपांवरच्या या जीवसृष्टीमुळेच १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यात सिंधुदुर्ग किल्ला आणि शेजारच्या पद्मगड या छोट्या किल्ल्याचा परिसर हा गाभा. जाहीर झाल्यापासूनच मच्छीमारांचा त्याला विरोध राहिला, आणि तो समजण्यासारखा आहे. पिढ्यान्पिढ्या रापणीचं जाळं ओढणाऱ्या गाबित समाजाला एका कागदाने आपल्याच पाण्यात परकं ठरवलं, असं त्यांना वाटलं. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने सिंधुदुर्ग किनाऱ्यासाठी जो प्रकल्प झाला, त्याच्या आसपासच्या काळात चित्र थोडं बदललं. स्थानिक तरुणांना स्नॉर्केलिंग आणि स्कूबाचं शिक्षण मिळालं, तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था उभी राहिली. मासेमारीच्या घरातला मुलगा पर्यटकाचा हात धरून त्याला पाण्याखाली नेऊ लागला. संवर्धनाचं जे काम मनाईच्या फलकाने साधलं नव्हतं, ते या रोजगाराने थोडंफार साधलं असं मला वाटतं. खडपावरचा मासा जिवंत असताना रोज पैसे देतो, हे कुणी भाषणातून शिकवावं लागलं नाही.

कधी जावं याचं उत्तर समुद्राच्या वर्षात आहे. पावसाळ्यात समुद्र बंद असतो. मासेमारीला जून-जुलैत बंदी असते आणि पर्यटकांच्या होड्या मे अखेरीपासूनच थांबतात. नारळी पौर्णिमेला मालवणच्या बंदरात दर्याला नारळ अर्पण होतो, तरी पाणी निवळायला ऑक्टोबर उजाडतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. नद्यांचा गाळ थांबलेला असतो आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा सुटतो, त्यामुळे सकाळी किनाऱ्याजवळ लाट उठत नाही. दुपारनंतर समुद्राकडचा वारा जोर धरतो आणि तळ ढवळतो. म्हणून डाइव्ह सकाळची घ्यावी.

याहून बारीक गोष्ट तिथीची. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र आणि सूर्य एका रेषेत ओढतात, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. हे उधाण. सप्तमी-अष्टमीच्या सुमारास ओढ परस्परांना छेदते, पाण्याची चढउतार कमी होते. हा भांग. भांगाला प्रवाह मंद असतो, गाळ कमी उठतो आणि पाण्याखाली दूरवरचं दिसतं. ज्याला सुट्टी निवडता येते त्याने कॅलेंडरवर तिथी पाहून निवडावी. भरतीची वेळ काढायला जुन्या लोकांचा हिशेब सोपा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, आलेला आकडा म्हणजे भरतीची वेळ. अष्टमीला सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. हा हिशेब मुंबईकडे ठीक बसतो. भरतीची लाट पश्चिम किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळे मालवणला पाणी त्याआधीच चढतं. ओहोटी साधली तर आणखी एक लाभ होतो. मालवणच्या दांडी किनाऱ्यावरून पद्मगडापर्यंत चालत जाता येतं, आणि रॉक गार्डनपाशी खडकांतल्या डबक्यांत खेकडे, समुद्रफुलं, क्वचित प्रवाळाचा तुकडाही पाय ओले न करता पाहता येतो.

स्कूबाला आलेल्या बहुतेकांना पोहता येत नसतं, आणि पहिल्यांदा करायच्या डाइव्हला ते लागतही नाही. प्रशिक्षक पूर्ण वेळ धरून असतो, खोली पाच ते आठ-दहा मीटर आणि वेळ पंधरा-वीस मिनिटं. मात्र पाण्याखाली शरीराचं काय होतं हे आधी कळलं, तर निम्मी भीती किनाऱ्यावरच राहते.

पाठीवरच्या टाकीला सगळे ऑक्सिजनचा सिलेंडर म्हणतात. तिच्यात असते साधी हवा, आपण आत्ता घेतोय तीच, फक्त दाबून भरलेली. बारा लिटरच्या टाकीत जवळपास २,४०० लिटर हवा मावते. शुद्ध ऑक्सिजन घेऊन सहा मीटरपेक्षा खाली गेलं तर तोच विषारी ठरून झटके येऊ शकतात. मग टाकीऐवजी लांब नळी का नको? स्नॉर्केलिंगची नळी वीतभरच का असते? कारण पाण्याचं वजन. एक मीटर खोलीवर छातीच्या दर चौरस फुटावर सुमारे ९५ किलोंचा जादा भार पडतो. वरची हवा खेचून घ्यायला बरगड्यांना हा भार उचलावा लागेल, आणि ते जमत नाही. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये जाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी जो रेग्युलेटर तयार केला, त्याने ही अडचण सोडवली. तोंडात धरलेल्या या यंत्रातून भोवतालच्या पाण्याचा जेवढा दाब तेवढ्याच दाबाची हवा मिळते, त्यामुळे दहा मीटरवरही श्वास सहज घेता येतो.

समुद्रसपाटीवर आपल्यावर हवेचा एक वातावरण दाब असतो. पाण्यात दर दहा मीटरला त्यात आणखी एकाची भर पडते. म्हणजे पहिल्या दहा मीटरमध्येच दाब दुप्पट होतो आणि पुढच्या दहांत फक्त दीडपट. म्हणून कान दुखतात ते खोल गेल्यावर नव्हे, अगदी सुरुवातीच्या दोन-तीन मीटरांत. कानाच्या पडद्यामागे हवेची छोटी पोकळी आहे. बाहेर दाब वाढला की पडदा आत ढकलला जातो. नाक चिमटीत धरून, तोंड बंद ठेवून हळूच फुंकलं की घशातून कानाकडे जाणारी नळी उघडते आणि दोन्ही बाजूंचा दाब जुळतो. हे दुखायला लागण्याआधी करायचं, दर फूट-दोन फुटांवर करायचं. सर्दी झाली असेल तर ती नळी सुजून बंद असते. अशा वेळी पैसे भरले असले तरी उतरू नये.

दुसरा नियम याहून महत्त्वाचा. श्वास कधीही रोखून धरायचा नाही. दहा मीटरवर छाती भरून घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते, आणि तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर फुप्फुस फाटू शकतं. घाबरलेला माणूस नेमकं हेच करतो, श्वास कोंडतो आणि वर धाव घेतो. म्हणून प्रशिक्षक उथळ पाण्यात आधी सराव करून घेतात, आणि तो सराव कंटाळवाणा वाटला तरी मन लावून करावा. खुणाही तेव्हाच शिकवल्या जातात. आनंदाने अंगठा वर दाखवायची आपल्याला सवय आहे, पण पाण्याखाली त्याचा अर्थ “मला वर न्या” असा होतो. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा.

खारं पाणी शरीराला वर ढकलतं, म्हणून कमरेला शिशाचे तुकडे बांधतात. किल्ल्याच्या पायात ओतलेलं शिसं आणि आपल्या कमरेचं शिसं, दोन्ही त्याच समुद्राला उत्तर देण्यासाठी. एकदा वजन जुळलं की माणूस ना बुडतो ना तरंगतो, मधल्या मधे थांबतो. आयुष्यात असा हलकेपणा दुसरीकडे कुठे मिळत नाही. बाकी जाणिवाही बदलतात. मुखवट्याच्या काचेतून वस्तू असतात त्याहून एक तृतीयांशाने मोठ्या दिसतात आणि जवळही वाटतात, त्यामुळे वर येऊन सांगितलेल्या माशाच्या आकारात थोडी वजाबाकी करावी. आवाज हवेपेक्षा चौपटीहून वेगाने येतो, म्हणून होडीचं इंजिन ऐकू येतं पण ते कोणत्या बाजूला आहे हे कळत नाही. लाल रंग पाणी सर्वांत आधी गिळतं. पाच-सात मीटरवर लाल मासाही मातकट दिसतो आणि बॅटरीचा झोत पडला की झळाळून उठतो. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे सार्जंट मासे थव्याने अंगाशी येतात, पोपट मासे चोचीसारख्या दातांनी खडपावरचं शैवाल खरवडतात, फुलपाखरू मासे जोडीने फिरतात, आणि कपारीत एखादा गोबरा हलायचं नाव न घेता बसलेला असतो. खडपाची एक बाजू सोडून वाळूवर गेलं की हे सगळं एकदम थांबतं. जीवन खडकाला किती धरून आहे हे तिथे डोळ्यांनी दिसतं.

समुद्राशी खेळताना मृत्यूचीही नोंद घ्यावी लागते. मे २०२२च्या अखेरीस तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात वरून आभाळ निरभ्र असलं तरी दूर दक्षिणेकडच्या वाऱ्यांनी उठलेली लांब लाट किनाऱ्यावर येऊ लागते. सुट्टी संपत आलेली असते, गर्दी कळसाला असते आणि समुद्र पालटत असतो. हा काळ टाळावा. एरवीही होडीत जॅकेट अंगावर बांधूनच बसावं, माणसं जास्त भरली असतील तर उतरून दुसरी होडी घ्यावी, प्रशिक्षकाकडे कोणतं प्रमाणपत्र आहे हे मोकळेपणाने विचारावं. दमा, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया, गरोदरपण यांबद्दल अर्जात खरं लिहावं. दारू पिऊन तर नाहीच, आणि मोरीच्या मटणाचं ताट, तिखलं, सोलकढी हे सगळं डाइव्हनंतर. भरल्या पोटी होडी लागते.

देवबागचं गाव म्हणजे एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी यांच्यामधली वाळूची अरुंद पट्टी. किनाऱ्याला तिरप्या येणाऱ्या लाटा वाळू वाहून नेत राहतात, नदीच्या मुखाशी पाण्याचा वेग मोडतो आणि वाळू साचते. अशी पट्टी कधीच स्थिर नसते. पावसाळ्यात समुद्र घरांच्या अंगणापर्यंत येतो आणि दगडी बंधारे टाकूनही भीती सरत नाही. संगमाजवळच्या वाळूच्या बेटाला त्सुनामी आयलंड म्हणतात, भरतीला ते गुडघाभर पाण्यात जातं. पॅरासेलिंग, जेट स्की, बनाना राइड हे सगळं तिथे आहे आणि त्याबद्दल सांगण्यासारखं फार काही नाही. ते कुठेही करता येतं. एकच लक्षात ठेवावं. ओहोटीला नदीचं आणि खाडीचं पाणी एकत्र बाहेर धावतं आणि समोरून लाट येते. संगमावर त्या वेळी पोहायला उतरणं जिवावर बेतू शकतं, पाणी कितीही शांत दिसलं तरी. पहाटे मात्र इथून होडीने जरूर जावं, डॉल्फिनचे कळप दिसण्याची आशा असते.

गर्दीने खडपांचं नुकसान होत आहे आणि हे पाहून मला मनापासून वाईट वाटतं. प्रत्येक होडी नांगर टाकते, तो प्रवाळावर पडला की वीस-तीस वर्षांची वाढ क्षणात तुटते. कायम बांधलेल्या तरंगत्या बोयांना होड्या बांधल्या तर हे टळतं. फोटोसाठी मासे जमावेत म्हणून पावाचा चुरा टाकला जातो. त्याने आक्रमक मासे फोफावतात आणि शैवाल खाणारे मासे आपलं काम सोडून चुऱ्याभोवती फिरतात. मग खडपावर शैवाल माजतं आणि प्रवाळाच्या पिल्लाला जागा उरत नाही. चुरा टाकू नका असं पर्यटकाने सांगितलं तर प्रशिक्षक ऐकतात, कारण तो चुरा पर्यटकासाठीच असतो. प्रवाळावर उभं राहू नये, हात लावू नये, आणि तुकडा खिशात घालणं तर गुन्हा आहे. २००१ पासून प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या बरोबरीने संरक्षण आहे.

भार वाटून घेण्याचा एक प्रयत्न दक्षिणेला, निवतीच्या खडकांजवळ चालू आहे. नौदलातून २०२४ मध्ये निवृत्त झालेली गुलदार ही युद्धनौका तिथे समुद्राच्या तळाशी ठेवून कृत्रिम प्रवाळभिंत आणि पाण्याखालचं संग्रहालय उभारण्याचा शासनाचा प्रकल्प आहे. लोखंडाचा सांगाडाही खडपासारखाच आधार देतो, त्यावर जीव बसायला काही वर्षं लागतात इतकंच. आणि ज्याला खरं खोल पाणी हवं आहे त्याच्यासाठी विजयदुर्गच्या पश्चिमेला, किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरहून दूर, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखली जाणारी आंग्रिया बँक ही बुडालेली प्रवाळभूमी आहे. तिथे जाणं गंभीर मोहिमेचं काम, सहलीचं नव्हे.

गाडीने आलेल्यांसाठी एक सूचना उरते, आणि ती फार कमी जण देतात. दाबाखाली श्वास घेताना रक्तात जास्त नायट्रोजन विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू निघून जातो, पण त्याआधीच उंचीवर गेलं आणि हवेचा दाब कमी झाला तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणून डाइव्हनंतर लगेच विमानात बसत नाहीत. एका डाइव्हनंतर किमान बारा तास आणि अनेक डाइव्हनंतर अठरा तास थांबतात. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आहे. मालवणहून संध्याकाळी निघून आंबोलीने किंवा गगनबावड्याने कोल्हापूर गाठणारा माणूस दोन-तीन तासांत तेवढी उंची चढतो. पंधरा मिनिटांच्या उथळ डाइव्हला धोका नगण्य, पण प्रमाणपत्र घेऊन दिवसात दोन-तीन खोल डाइव्ह करणाऱ्यांनी घाट त्याच दिवशी चढू नये. त्यापेक्षा पहिल्या दिवशी सकाळी पाण्याखाली जावं, दुपारी जेवून स्वस्थ पडावं, दुसऱ्या दिवशी भरती पाहून किल्ला गाठावा आणि नंतर निघावं. दक्षिणेला जायचं असेल तर घाटाचा प्रश्नच नाही. वेंगुर्ला, शिरोडा, रेडी करत रस्ता समुद्राच्या कडेनेच गोव्यात उतरतो.